डावीकडची खुर्ची

१२ जानेवारी

दादा,

माझ्यावर गेले सात महिने जो अन्याय चालला आहे त्याची दाद कुठे मागावी हे न कळल्यामुळे तुला लिहितो आहे.

माझ्या कार्यालयातल्या खुर्चीला पाच चाकं असायला हवीत. चार आहेत. पाचवं गेल्या जूनमध्ये भर व्याख्यानाच्या तयारीत निखळलं आणि कपाटाखाली गेलं ते आजतागायत सापडलेलं नाही. भांडार विभागाकडे मी अर्ज केला. उत्तर आलं, चाक ही स्वतंत्र वस्तू नाही, सबब सुटं मिळणार नाही. मी पूर्ण खुर्ची मागितली. उत्तर आलं, नवी मिळेल, पण जुनी सर्व भागांसह जमा करावी, म्हणजे चाकासकट. तेव्हापासून समाजशास्त्राचा एक बऱ्यापैकी नावाजलेला प्राध्यापक डावीकडे कलून बसतो, कलून लिहितो आणि कललेल्या मानेनेच विद्यार्थ्यांना समाज समजावून सांगतो.

तर, दुखणं सांगून झालं. आता कामाचं.

तुला तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा तू उचललास, "हॅलो, हॅलो" म्हणालास आणि मी बोलत असतानाच ठेवून दिलास. ठीक आहे. सहा वर्षांपूर्वी माझं पुस्तक आलं तेव्हा तू ते चिठ्ठीशिवाय परत पाठवलंस, त्यामानाने "हॅलो" ही प्रगती म्हणायची. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते आहे. तुझ्या पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यातल्या ज्या कामगारांच्या मुलाखती मी अकरा वर्षांपूर्वी घेतल्या, त्यांच्या नव्याने सह्या प्रकाशकाला हव्या आहेत. बाकी सगळ्यांच्या मिळाल्या. तुझा फॉर्म सोबत आहे. खाली फुली केली आहे तिथे सही कर.

आणखी एक. मागच्या आठवड्यात वहिनींच्या अक्षरातलं पाकीट आलं. आत पत्र नाही. माझ्याच पुस्तकाच्या एकशे बाराव्या पानाची झेरॉक्स, वर कुठल्या वकिलाचा शिक्का, आणि एका वाक्याखाली लाल रेघ: "या कामगाराला प्रश्न नीट कळत होता, उत्तर न देणं ही त्याची निवड होती." रेघ पट्टी लावून मारली आहे, म्हणजे वहिनींची नव्हे. वाक्य माझं आहे, आणि बरं आहे. पण हे काय प्रकरण आहे?

तुझा,
पंडित
(हे नाव तूच ठेवलंस. दुसरं काय लिहावं यावर पाच मिनिटं घालवली आणि हेच उरलं.)


२ फेब्रुवारी

दादा,

वहिनींचं कार्ड मिळालं. त्या कमी लिहितात आणि वर्मी लिहितात.

म्हणजे कारखाना गेल्या वर्षी बंद पडला, तू कान गेल्याची भरपाई मागितलीस, वीस मार्चला समितीपुढे सुनावणी आहे, आणि कारखान्याच्या वकिलाने तुझ्याविरुद्ध कागद म्हणून माझं पान दाखल केलं आहे. म्हणतो, हा माणूस बहिरा नाही, मुद्दाम बोलत नाही. खुद्द त्याच्या सख्ख्या भावाने, प्राध्यापकाने, छापून सांगितलंय. ते पान टिकलं तर दावा बुडाला.

माझं पुस्तक शेवटपर्यंत वाचलेला हा पहिलाच वाचक. आणि तो विरुद्ध पक्षाचा निघावा!

वहिनींची शेवटची ओळ: "भावोजी, ह्यांना ऐकू येत नाही हे तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

खरं सांगू? पहिल्यांदा रागच आला. मला कोण सांगणार होतं? तू कधी बोललास? सहा बैठका झाल्या आपल्या, तुझ्या घरात, तुझ्या समोर. मी नेमके प्रश्न विचारले की तू गप्प. आठ सेकंद, नऊ सेकंद. आणि ज्या प्रश्नासाठी मी चारशे किलोमीटर आलो होतो तो विचारला तेव्हा अकरा सेकंद. "माझ्या शिक्षणासाठी तू चौदाव्या वर्षी शाळा सोडून पत्रा दाबायच्या प्रेसवर उभा राहिलास. त्याचा राग येतो का?" तू माझ्याकडे बघितलंस, मग खिडकीबाहेर. त्या अकरा सेकंदांत मी काय काय ऐकलं ते तुला कळणार नाही. मी घरी गेलो आणि लिहिलं की कष्टकऱ्याकडे बाकी काही उरत नाही तेव्हा तो उत्तर राखून ठेवतो. त्याचं मौन हाच त्याचा प्रतिकार. त्यावर परिसंवाद झाले, दादा. पोरं परीक्षेत लिहितात ते.

तेव्हा कान एका बाजूला आणि मौन एका बाजूला. कान नंतर गेला असेल. मी मुलाखती घेतल्या तेव्हा तुला ऐकू येत होतं, हे टेपवरून सिद्ध करून देईन. आमच्या टायपिस्टबाई, ज्यांनी त्या सगळ्या टेपा कागदावर उतरवल्या, आता निवृत्त आहेत. पण त्यांना बोलावलं आहे. टेपांचं खोकं काढतो.

पंडित

(पत्र बंद करताना लक्षात आलं: मी सिद्ध करायला निघालोय ते त्या वकिलाचं म्हणणं. तरी पाठवतो. मी कुठे होतो हे तुला कळलेलं बरं.)


१९ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. चौथ्यांदा नुसतं जे झालं ते लिहितो.

बाई आल्या. चष्मा पुसला, माझ्या खुर्चीकडे बघितलं, म्हणाल्या, "अजून हीच?" आणि स्टुलावर बसल्या. चार दिवस आम्ही टेपा ऐकल्या. अकरा वर्षांत मी त्या एकदाही ऐकल्या नव्हत्या. आमच्या धंद्यात टेपेचा कागद होतो, कागदावरच्या ओळींना लेबलं चिकटवतात, सारख्या लेबलांचे ढीग करतात आणि ढिगांवर पुस्तक उभं राहतं. आवाज तोवर खोक्यात गेलेला असतो.

पहिली टेप. वहिनींचा आवाज: "भावोजी, इकडे बसा ना, ह्या बाजूला." मी: "नको, इथे उजेड आहे." दुसरी टेप. "भावोजी, ह्या बाजूला बसा, वारा येतो." मी: "इथेच बरं आहे, वहिनी." तिसरी. "अहो, जरा सरका, भावोजींना इकडे येऊ द्या." मी: "राहू द्या हो, कशाला त्रास!" मला तो पाहुणचार वाटला होता.

तिसऱ्या टेपेत मध्येच आवाज घोगरा होतो. रेकॉर्डरचे सेल संपत आलेले. तू म्हणतोस, "थांब, टॉर्चमधले काढतो." वहिनी म्हणतात, "अहो, मग रात्रपाळीला जाताना?" तू म्हणतोस, "देईल की तो परत. जातोय कुठे?" मग खटक असा आवाज, आणि पुढे सगळं स्वच्छ.

बाईंनी मग माझी वही मागितली. माझ्या मार्गदर्शक बाईंचा एक दंडक होता, दर मुलाखतीनंतर खोलीचा नकाशा काढायचा: कोण कुठे बसलं, दार कुठे, उजेड कुठून. त्या म्हणायच्या, "मन सगळे तपासतात, त्यात मजा असते. आधी खुर्ची तपासा." मी इमानाने नकाशे काढले आणि इमानाने परत कधी उघडले नाहीत. टायपिस्टबाईंनी ते सहाही नकाशे जमिनीवर ओळीने मांडले.

"सर, खिडकी दादांच्या डाव्या हाताला. तुम्ही खिडकीशी. म्हणजे तुम्ही डावीकडे."

"हो."

"पहिली, दुसरी, तिसरी, पाचवी, सहावी. पाचही वेळा दादा गप्प. आता चौथी बघा."

चौथ्या वेळी खिडकीजवळच्या खुर्चीचा पाय तू दुरुस्तीला काढला होतास. मी उजवीकडच्या ट्रंकेवर बसलो होतो.

"चौथ्या वेळी दादा दोन तास बोललेत," बाई म्हणाल्या. "टाइप करता करता माझी बोटं मोडायची वेळ आली, म्हणून लक्षात आहे."

चौथ्या बैठकीवर माझ्या हाताने शेरा लिहिलेला होता: "अखेर विश्वास संपादन केला." ट्रंकेवर बसून, दादा!

"तेव्हाच का नाही सांगितलंत?" मी बाईंवर जरा चढलोच.

"लिहिलं होतं की. कंसात. 'प्रश्न ऐकू आला नसावा.' 'वहिनींनी मोठ्याने सांगितल्यावर उत्तर दिलं.' तुम्हीच म्हणालात, बाई, हे कंस काढा, मजकुराचा ओघ तुटतो."

ओघ!

तू प्रेसवर उभा राहायचास तेव्हा मशीन डाव्या अंगाला असायचं. हे मी पुस्तकात लिहिलंय, पान चाळीस. उजव्या हाताची दोन बोटं प्रेसने घेतल्यापासून तू रिसीव्हर डाव्या हाताने धरतोस, डाव्या कानाला. हेही मला माहीत होतं. सगळं माहीत होतं. वेगवेगळ्या ढिगांत होतं.

जानेवारीत तू माझ्यावर फोन आपटला नाहीस, एवढं आज कळलं.

पंडित


५ मार्च

दादा,

समितीपुढे द्यायचं माझं निवेदन तयार झालं. सोबत प्रत आहे. वहिनींना उजवीकडे बसवून वाचून घे. (हे टोमणा म्हणून नव्हे. हल्ली माझी साधी वाक्यंही टोमण्यासारखी वाटतात, सवयीचा दोष.)

पहिला मसुदा चाळीस पानांचा होता. आमच्याकडे एक तत्त्व आहे की संशोधकाने दुसऱ्याबद्दल लिहिताना स्वतःलाही तपासावं: आपण कोण, कुठून आलो, आपल्याला काय ऐकायचं होतं. मी तपासलं. काही शिल्लक ठेवलं नाही. तुझे डबे, तुझी बोटं, वसतिगृहात तुझी मनीऑर्डर घेताना मला वाटलेली शरम, मग शरमेची चीड. तू गप्प बसलास ते अकरा सेकंद मला इतके ओळखीचे का वाटले, तर ती शिक्षा मी वर्षानुवर्षं मागतच होतो. सगळं लिहिलं. चांगलं उतरलं होतं, खरंच.

टायपिस्टबाईंनी दोन दिवस घेऊन वाचलं.

"सर, भाषा सुरेख. मला दोनदा रडू आलं."

"हं."

"तुमच्यासाठी आलं. दावा कोणाचा आहे?"

मी चाळीस पानं खणात टाकली आणि दुसऱ्या टोकाला गेलो. नुसता तक्ता. बैठक, बाजू, प्रश्न, किती सेकंद गप्प. माझं एक अक्षर नाही. बाई म्हणाल्या, "हे बसचं वेळापत्रक झालं. तो वकील विचारेल, बहिरा माणूस 'काय?' म्हणतो, 'पुन्हा सांग' म्हणतो. हे नुसते गप्प का बसतात? यात कुठे आहे त्याचं उत्तर?"

मी टेपा पुन्हा लावल्या. आणि ते उत्तर मला अकरा वर्षांपूर्वी तूच दिलेलं होतं. चौथी टेप, मी ट्रंकेवर. तू मुकादमाच्या गोष्टी सांगतोयस. म्हणतोस, "आमच्या खात्यात दोनदा 'काय' विचारलं ना, की मुकादम ओळखतो कान गेला. तिसऱ्या दिवशी माणूस आवारात झाडू मारतो, पगार अर्धा. म्हणून कोणी विचारत नाही. ऐकू आलं नाही तर जाऊ द्यायचं. गप्प बसायचं. तोंड असं ठेवायचं, की विचार चाललाय." आणि तू हसतोस. वहिनी हसत नाहीत. स्वतःचं नाव तू घेतलं नाहीस आणि मी विचारलं नाही. मी त्या ओळींना "वरिष्ठांची भीती" असं लेबल लावून पुढे गेलो.

तेव्हा दादा, तुझं मौन ही खरोखरच कामगाराने शोधलेली युक्ती होती. इतपत माझा सिद्धान्त खरा निघाला. फक्त ती मुकादमासाठी होती, आणि मी मुकादमाच्या बाजूला खुर्ची टाकून बसलो आणि समजलो, हे माझ्यासाठीच आहे.

निवेदन साडेतीन पानांचं झालं. मी कुठे बसलो ते सहा नकाशांसकट, तुझे शब्द कंसांसकट, आणि त्यावरून आता काय म्हणता येतं, काय नाही. माझ्याबद्दल अर्धं पान ठेवलं, कारण मला चुकीचं का ऐकू आलं हे समितीला कळल्याशिवाय पान एकशे बारा खोडलं जाणार नाही. त्याहून जास्त ठेवलं नाही. बाईंनी शेवटचं वाचून नुसतं टाइप केलं. त्यांच्याकडे ही मोठी पावती समजतात.

दुसरी आवृत्ती थांबवली. तो सहीचा फॉर्म फाडून टाक. प्रकाशक दुखावला आहे. आमचे विभागप्रमुख दार लावून म्हणाले, "एवढं कशाला? तळटीप टाका की. तळटीप कोणी वाचत नाही, आणि तुमचं मनही साफ." पुढच्या वर्षी त्यांची जागा मला मिळायची होती. त्यांच्या खुर्चीला पाच चाकं आहेत. मी मोजली, मग म्हणालो, "सर, एका वकिलाने शेवटपर्यंत वाचलंय."

वीसला येतो.

पंडित


२३ मार्च

दादा,

समितीपुढे मला उभं केलं ती जागा तुझ्या डावीकडे होती. मी ती बदलून मागितली, तर अध्यक्ष म्हणाले, साक्षीदार इथेच उभा राहतो. तेव्हा मी काय बोललो हे तुझ्यापर्यंत पोचलं नसणार. म्हणून लिहून कळवतो.

वकिलाने विचारलं, "प्राध्यापक, तेव्हा खोटं लिहिलंत, की आता भावासाठी खोटं बोलताय?" त्याच्या हातात माझं पुस्तक होतं, त्यात रंगीत चिठ्ठ्या खोचलेल्या. मी म्हणालो, तेव्हा खोटं लिहिलं नाही. अर्धं बघितलं आणि पुरं लिहिलं. तो म्हणाला, "म्हणजे तुमच्या पुस्तकावर विश्वास ठेवू नये?" मी म्हणालो, पान चाळीसवर ठेवा. मशीन डावीकडे होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पान एकशे बारावर ठेवू नका. तिथे मी स्वतःला पाहिलं आणि त्याला नाव भावाचं दिलं. अध्यक्षांनी नकाशे मागून घेतले आणि बराच वेळ बघितले. चौथ्यावर बोट ठेवून विचारलं, "ही ट्रंक अजून आहे का?" तुझ्या उजवीकडून वहिनी म्हणाल्या, "आहे, साहेब." हे तू ऐकलंस.

निकाल महिन्याने. काय लागेल ते मला सांगता येत नाही. तू निदान अकरा वर्षांपासून बहिरा आहेस हे टेपांनी नक्की झालं, असं तुमचा वकील म्हणतो. पण तो हे हसत म्हणतो, आणि वहिनी सांगतात, मागच्या तारखेलाही तो असाच हसत होता.

तुझ्या घरी नंतर जे झालं ते तू ऐकलंसच, तरी लिहून ठेवतो, कारण या वेळी रेकॉर्डर नव्हता. मी ट्रंकेवर बसलो. तू सहा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य बोललास: "पंडित, ट्रंक मोडशील. वजन बघ."

मी विचारलं, एवढी वर्षं पत्र का नाही? तू म्हणालास, "चार लोकांत छापलंस की मी तुझ्यावर रुसलोय. म्हटलं, एवढा शिकलेला माणूस लिहितो, तर रुसून तरी बघावं." वहिनी म्हणाल्या, "रुसायचं कसलं, रोज पोस्टमनची वाट बघायचे." तू म्हणालास, "हे मला ऐकू आलं नाही." तिघंही हसलो.

मग मी तो प्रश्न पुन्हा विचारला. उजवीकडून. राग येतो का?

तू या वेळीही लगेच बोलला नाहीस. मी सेकंद मोजायला लागलो, मग मोजणं सोडून दिलं. तू म्हणालास, "येतो की. थंडीत ही बोटं ठणकतात, नाहीत तरी ठणकतात, तेव्हा येतो. तुझ्यावर येतो, बाबांवर येतो. तू वर्गात पहिला आलास ते पत्र आलं, त्या दिवशी नव्हता आला. मग चहा घेतो, जातो राग. परत येतो." वहिनी चुलीकडे बघत होत्या. हे तू त्यांनाही कधी सांगितलं नव्हतंस, असं मला वाटलं; पण हे मला वाटलं, मी विचारलं नाही.

मी म्हणालो, "हे लिहू का?"

"लिही. पण पुरतं लिही. ते जातो आणि परत येतो, तेही लिही."

लिहीन. घाई नाही. आधी तुला वाचून दाखवीन, त्या ट्रंकेवरून, ती टिकली तर.

निघताना तुम्ही दोघं फाटकापाशी पोचला होतात आणि मी चप्पल घालायला मागे राहिलो, तेव्हा दाराजवळच्या खिळ्यावरची टॉर्च हलवून बघितली. रिकामीच होती. आत दोन नवे सेल घातले आहेत. लावून पाहिली, उजेड चांगला पडतो.

पंडित